मेघगर्जनेचा पुत्र

गेल्या श्रावणात एका रविवारी सकाळीच ताईचा फोन आला. आवाजावरून वाटलं, घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं. पण झालं होतं ते इतकंच, की माझ्या भाच्याने, ओंकारने, मोटारसायकल घेतली होती. साधीसुधी नव्हे, चांगली हजार सीसीची, जपानी, चार सिलिंडरची. ताईच्या मते हे खूळ त्याच्या डोक्यात मामाकडून आलेलं, तेव्हा समज द्यायची ती मामानेच. तरुणपणी मी येझदीवरून सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन यायचो, एवढ्या पुण्याईवर हा आरोप माझ्यावर आला.

संध्याकाळी गेलो. सोसायटीच्या वाहनतळात ती उभी होती. आमच्या वेळच्या गाड्या उभ्या असल्या की उभ्याच दिसायच्या. ही उभी असतानाही पुढे झेपावल्यासारखी. ओंकारने मला आकडे सांगितले. दोनशेच्या आसपास अश्वशक्ती आणि वजन साधारण दोनशे किलो, म्हणजे किलोमागे एक घोडा. वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या जवळपास. हा वेग पुण्यात कुठे वापरणार, हा मामाला शोभणारा प्रश्न मी विचारला नाही. कारण तो बोलत असताना माझ्या डोळ्यांपुढे दुसरीच एक मोटारसायकल आली होती. पंचेचाळीस घोड्यांची, आणि ते नुसतं ताशी चाळीस मैलांनी चाललेली असताना माणूस घेऊन गेलेली. मी ओंकारला समज दिली नाही. चहा पितापिता एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज इथे सांगतो आहे.

तो माणूस म्हणजे टी. ई. लॉरेन्स. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा १९६२ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मी तो सत्तरच्या दशकात वडिलांबरोबर पाहिला. वाळवंट, उंट, पीटर ओटूलचे निळे डोळे हे सगळं लोकांना आठवतं. मला आठवते ती सुरुवात. एक माणूस मोटारसायकलला तेलपाणी करतो, किक मारतो, झाडांच्या सावल्यांतून भरधाव सुटतो. समोर दोन सायकली येतात, आणि पुढच्या क्षणी एका झुडपाला लटकलेला त्याचा चष्मा. साडेतीन तासांच्या चित्रपटात नायक पहिल्या पाच मिनिटांतच मरतो, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं. ओटूल सव्वासहा फुटांच्या आतबाहेरचा. खरा लॉरेन्स जेमतेम साडेपाच फुटांचा होता. चित्रपटवाल्यांना हे चालतं.

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधल्या ट्रेमाडॉग या गावी झाला. वडील सर थॉमस चॅपमन हे आयर्लंडमधले जमीनदार. पत्नी आणि चार मुलींना सोडून ते मुलींच्या शिक्षिकेबरोबर निघून गेले आणि दोघांनी लॉरेन्स हे आडनाव घेऊन नवा संसार मांडला. त्यांचं लग्न कधी होऊ शकलं नाही. पाच मुलगे झाले, त्यांतला आपला लॉरेन्स दुसरा. आडनावच उसनं आहे, हे त्याला लहानपणीच उमगलं होतं. पुढे आयुष्यात या माणसाने नावं अंगरख्यासारखी बदलली, त्याचं मूळ इथे असावं असं मला वाटतं.

ऑक्सफर्डला शिकताना त्याला किल्ल्यांचं वेड लागलं. आपल्याकडे गोनीदांनी गड जसे पायांनी वाचले, तसे याने फ्रान्समधले किल्ले सायकलवरून वाचले. सुट्टीत हजारो किलोमीटर एकटा सायकल मारायचा. १९०९ मध्ये सीरियातले किल्ले बघायला गेला तो पायी, उन्हाळ्यात, सुमारे हजार मैल. मग कार्केमिशच्या उत्खननावर काही वर्षं काढली, अरबी शिकला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा असा माणूस लष्करी गुप्तवार्ता खात्याला हवाच होता.

युद्धातली त्याची कामगिरी सर्वांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. तुर्कांविरुद्धच्या अरबांच्या बंडात तो अमीर फैसलबरोबर राहिला, हेजाझ रेल्वेचे पूल आणि रूळ उडवले, जुलै १९१७ मध्ये वाळवंटाकडून येऊन अकाबा बंदर घेतलं, १ ऑक्टोबर १९१८ ला दमास्कसमध्ये पोचला. त्याचे दोन भाऊ १९१५ सालीच फ्रान्समध्ये पडले होते. अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवून ब्रिटन आणि फ्रान्स प्रदेश वाटून घेणार, हे त्याला लढतानाच कळलं होतं, आणि त्याचा सल शेवटपर्यंत गेला नाही. एक मात्र नोंदवायला हवं. वाळवंटात नुसते उंट नव्हते, रोल्सरॉइसच्या चिलखती मोटारीही होत्या. सपाट, कडक वाळूवर त्या भरधाव सोडण्याचा आनंद त्याने तिथेच पहिल्यांदा घेतला.

परतला तो कीर्तीच्या शिखरावर. लोवेल थॉमस नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये लंडनला त्याच्यावर चित्रफितींचा असा काही खेळ लावला, की लोक रांगा लावून बघत. आणि या माणसाने काय करावं? ऑगस्ट १९२२ मध्ये जॉन ह्यूम रॉस असं खोटं नाव घेऊन हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. कर्नल होता तो! काही महिन्यांत वर्तमानपत्राने बिंग फोडलं आणि त्याला काढून टाकण्यात आलं. मग शॉ हे नाव घेऊन रणगाडा दलात शिरला. त्याची छावणी होती डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टनला. जवळच क्लाउड्स हिल नावाची एक पडकी झोपडीवजा वास्तू त्याने घेतली आणि दुरुस्त केली. १९२५ साली वरिष्ठ मित्रांच्या खटपटीने हवाई दलात परत आला. दोन-तीन चादरी, ठरलेलं जेवण, साहेबाचा हुकूम. यात त्याला सुटका वाटत होती. पण बराकीच्या बाहेर, शेडमध्ये, त्याचा एक श्रीमंती शौक उभा असे.

नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफने १९१९ च्या सुमारास स्वतंत्र कारखाना काढला. वडील विल्यम ब्रफही मोटारसायकली बनवायचे. मुलाने आपल्या गाडीचं नाव ठेवलं ब्रफ सुपिरिअर, म्हणजे श्रेष्ठ ब्रफ. मग वडिलांची गाडी कोणती ठरली, हे तुम्हीच समजा. १९४० पर्यंत कारखान्याने जेमतेम तीन हजार गाड्या बनवल्या. एकेक गाडी गिऱ्हाइकाच्या अंगाला मापून. लोक तिला मोटारसायकलींतली रोल्सरॉइस म्हणत. १९२४ मध्ये त्याने एसएस १०० हे मॉडेल आणलं. हे शंभर म्हणजे ताशी शंभर मैल, १६० किलोमीटर. प्रत्येक गाडीबरोबर तेवढा वेग गाठल्याची लेखी हमी मिळायची. किंमत १७० पौंड, म्हणजे साध्या कामगाराची जवळपास वर्षाची कमाई. लॉरेन्सने १९२२ पासून मृत्यूपर्यंत एकामागून एक सात ब्रफ घेतल्या. त्यांना तो जॉर्ज पहिला, जॉर्ज दुसरा असे राजांसारखे क्रमांक देई, आणि लाडाने बोआनर्जेस म्हणे. बायबलमधलं हे नाव येशूने आपल्या दोन तापट शिष्यांना दिलेलं, अर्थ मेघगर्जनेचे पुत्र. इंजिनाचा आवाज ज्याने ऐकला त्याला हे पटेल.

आता या गाडीविषयी थोडं सविस्तर, कारण ओंकारनेही इथेच कान टवकारले. जेएपी कंपनीचं ९९८ सीसीचं इंजिन, दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे. शक्ती पंचेचाळीस घोड्यांच्या आसपास. आज ही शक्ती सर्वसाधारण समजतात, पण ते घोडे बांधले होते कशाला, ते बघा. चाकं सायकलपेक्षा थोडी जाड. मागच्या चाकाला बहुतेक गाड्यांत स्प्रिंग नाहीच. जे काही सोसायचं ते आसनाखालच्या स्प्रिंगांनी आणि माणसाच्या कण्याने. ब्रेक म्हणजे ड्रम, आजच्या मानाने दुबळे. गिअर तीन, आणि बदलायचे ते टाकीच्या बाजूला असलेल्या दांड्याने, हाताने. म्हणजे वळणावर गिअर टाकायचा तर एक हात हँडलवरून काढायचा. शिवाय इंजिनात ठिणगी लवकर पडावी की उशिरा, तेही एका छोट्या दांडीने स्वतःच ठरवायचं. आज ओंकारच्या गाडीत चाक घसरायला लागलं की संगणक सेकंदाच्या अंशात ब्रेक सैल करतो, गाडी किती कलली आहे ते मोजून इंजिनाला आवरतो. लॉरेन्सच्या गाडीत हा संगणक खोगिरावर बसलेला असे.

आणि तरीही ती गाडी चालवायला गोड होती, असं ज्यांनी चालवली ते सगळे सांगतात. याचं रहस्य शक्तीत नव्हतं. ती लांब आणि बुटकी होती, बैठक खाली, वजन जमिनीलगत. लॉरेन्ससारख्या ठेंगण्या माणसाचेही पाय टेकत. पुढच्या चाकाला कॅसल फोर्क नावाची रचना होती. अमेरिकेतल्या हार्ले डेव्हिडसनच्या धर्तीवरची. खड्डा आला की सगळं हँडल न हादरता खालचे दोन छोटे दांडे स्प्रिंगांवर झुलत. वेगात चाक थरथरून हँडल दोन्ही बाजूंना आपटायला लागणं हा त्या काळच्या जोरदार गाड्यांचा जीवघेणा रोग होता. त्याला आवर घालायला हँडलच्या मुळाशी घर्षणाचा एक खिळा कसता येई. इंजिन मोठं करणं सोपं असतं. त्याचा जोर सरळ रेषेत ठेवणं, आणि पाहिजे तेव्हा वळवणं, हे खरं कसब. एरिक फर्निहो या गड्याने १९३७ मध्ये हंगेरीतल्या सरळ रस्त्यावर ब्रफवरून ताशी १६९ मैलांच्या वर जागतिक उच्चांक केला. पुढच्याच वर्षी पुन्हा प्रयत्न करताना गाडी त्याच्या हातातून गेली आणि तो मारला गेला.

ज्यांनी कधी मोटारसायकल चालवली नाही त्यांना एक गंमत सांगतो. वेगात असताना उजवीकडे वळायचं तर हँडल उजवीकडे वळवून चालत नाही. हँडलची उजवी मूठ किंचित पुढे ढकलायची. चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. आपण सगळे हे न कळत करत असतो. हातांना कळतं, डोक्याला कळत नाही. चांगला स्वार तो, ज्याच्या डोक्यालाही कळलेलं असतं. लॉरेन्सला यंत्राची जाण होती. गाडी स्वतः खोलायचा, सुधारणा सुचवायचा, जॉर्ज ब्रफला पत्रं लिहायचा. १९२६ च्या सप्टेंबरात त्याने कळवलं, की चार वर्षांत पाच ब्रफवरून मिळून आपले एक लाख मैल झाले. नोकरी सांभाळून, बहुतेक संध्याकाळी आणि सुट्टीत! इंग्लंडात १९३० अखेरपर्यंत कायद्याने वेगमर्यादा ताशी वीस मैल होती, हे लक्षात घेतलं तर तो कायदा त्याने किती पाळला असेल ते उघड आहे. क्रॅनवेलला असताना एका संध्याकाळी बराकीतल्या मित्रांसाठी खाण्याचे जिन्नस आणायला निघालेला हा गडी रस्त्यावरून विमानाशी शर्यत लावतो, असं एक प्रकरण त्याने ‘द मिंट’ या पुस्तकात लिहिलं आहे. वेगावर याहून सुंदर गद्य मी वाचलेलं नाही. जॉर्ज ब्रफचं मत होतं, की लॉरेन्स त्याने पाहिलेल्या उत्तम स्वारांपैकी एक, आणि उगाच धोका पत्करणारा नव्हे. दुकानदाराने गिऱ्हाइकाला दिलेलं प्रशस्तिपत्र म्हणून यातले दोन पैसे कमी केले, तरी बरंच उरतं.

मध्ये दोन वर्षं हा माणूस गाडीविना राहिला, ती आपल्या मुलखात. जानेवारी १९२७ मध्ये तो कराचीच्या ड्रिघ रोड हवाई तळावर कारकुनी करायला आला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, १९३६ मध्ये वेगळा झाला. नंतर वायव्य सरहद्दीवर मिरानशाहच्या किल्ल्यात. फावल्या वेळात होमरच्या ‘ओडिसी’चं भाषांतर चाले. तेवढ्यात अफगाणिस्तानात अमानुल्लाविरुद्ध बंड झालं. हे या लॉरेन्सचंच कारस्थान, अशी आवई उठली, आणि सरकारने त्याला घाईघाईने उचललं. जानेवारी १९२९ मध्ये मुंबई बंदरातून राजपुताना बोटीने तो विलायतेला परतला. तिथे मित्रांनी, त्यांत बर्नार्ड शॉ आणि त्यांच्या पत्नी शार्लट होत्या, गुपचूप नवी ब्रफ घेऊन ठेवली होती.

पुढचं त्याचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि त्याबद्दल चित्रपटात अक्षर नाही. १९३१ च्या फेब्रुवारीत प्लिमथजवळ त्याच्या डोळ्यांदेखत समुद्री विमान पाण्यात कोसळलं. तो वाचवायला गेलेल्यांत होता. बरीच माणसं बुडाली. हवाई दलाच्या सुटका-होड्या किती संथ आहेत हे त्याने पाहिलं आणि मग हात धुऊन त्या मागे लागला. ह्यूबर्ट स्कॉट-पेन यांच्या कारखान्यात बसून पाण्याला कापत न जाता पाण्यावर चढून पळणाऱ्या नव्या होड्यांच्या चाचण्या त्याने घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलणाऱ्या वेगवान लाँचेस त्याच वंशातल्या. दुसऱ्याचा जीव वाचवायला वेग कसा वापरावा, हे ज्याला इतकं कळलं, त्याने स्वतःच्या डोक्याचा विचार मात्र केला नाही. कापडी टोपी आणि चष्मा, एवढंच.

फेब्रुवारी १९३५ च्या अखेरीस मुदत संपून तो हवाई दलातून सुटला आणि सायकलने दक्षिणेकडे निघाला. हातात पैसा थोडा. क्लाउड्स हिलला पोचला तर दारात वार्ताहर टपलेले. हळूहळू ते पांगले. १३ मे रोजी, सोमवारी सकाळी, तो आपली सातवी ब्रफ घेऊन बोव्हिंग्टनला टपाल कचेरीत गेला. एक पार्सल टाकायचं होतं आणि हेन्री विल्यमसन या लेखक मित्राला जेवायला ये म्हणून तार करायची होती. अंतर दीड-दोन मैल. काम करून परत निघाला. रस्त्याला खोलगट उतार-चढ आहेत. खोलगटात असलेलं वाहन पलीकडून दिसत नाही. अशाच एका ठिकाणी दोन सायकलस्वार मुलं त्याच दिशेने चालली होती. त्याने त्यांना पाहिलं, गाडी वळवली, एका सायकलला निसटता धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. घर हाकेच्या अंतरावर होतं. मुलं वाचली.

वेग किती होता? एका सैनिकाने चौकशीत सांगितलं, पन्नास-साठ मैल असावा, आणि समोरून एक काळी मोटारही गेली. मुलांनी मोटार पाहिली नव्हती. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सापडली, त्यावरून वेग चाळीस मैलांच्या आतच असावा असं मानणारे बरेच आहेत. मला ते पटतं. काळ्या मोटारीवरून हेरगिरीच्या कादंबऱ्या रचणाऱ्यांची मात्र मला कीव येते. त्या रस्त्यावर माणूस मरायला कारस्थान लागत नाही, खोलगट पुरतो.

इथे मी ओंकारला गृहिणीचं गणित सांगितलं. टायर जमिनीला टेकतो तो तळहाताएवढ्या जागेत. त्या जागेची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ठरलेला. त्यातून ब्रेकला द्यायचं, त्यातूनच वळणाला द्यायचं. एकदम दोन्हीकडे खर्च केला की उधारी होते, आणि रस्ता उधार देत नाही. चाळीस मैलांच्या वेगात माणूस सेकंदाला अठरा मीटर जातो. डोळ्याने पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंतच एवढं अंतर संपतं. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं. त्या दुबळ्या ब्रेकवर लॉरेन्सपुढे पर्याय दोनच होते. सरळ थांबायचा प्रयत्न करायचा, म्हणजे मुलांवर जायचं. किंवा पकडीचा सगळा पगार वळणाला द्यायचा. हातांनी निर्णय घेतला. लाख मैलांचा अनुभव मुलांच्या कामी आला, त्याच्या नाही.

सहा दिवस तो बोव्हिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात बेशुद्ध होता. लंडनहून आलेल्या तज्ज्ञांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यवैद्य होता, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १९ मे रोजी लॉरेन्स गेला. वय ४६. मेंदूची इजा अशी होती, की वाचला असता तर वाचा आणि स्मृती गमावून जगला असता. २१ मे रोजी सकाळी चौकशी आणि दुपारी मोर्टनच्या छोट्या चर्चमध्ये दफन, दोन्ही उरकलं. चर्चिल आले होते.

केर्न्सच्या मनातून तो रुग्ण गेला नाही, असं त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. पुढे तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. महायुद्ध सुरू झालं, ब्लॅकआऊटमुळे रस्ते अंधारे, लष्करी निरोपे मोटारसायकलवरून पळत आणि मरत. १९४१ मध्ये केर्न्सने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते, बहुतेक डोक्याच्या माराने. हेल्मेट घालून जखमी झालेले त्याला पाहायला मिळाले अवघे सात, आणि सातही जगले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सेनेने कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. होलबोर्न नावाच्या त्याच्या भौतिकशास्त्रज्ञ सहकाऱ्याने तर मेंदूच्या जागी जिलेटिन घेऊन प्रयोग केले. आपल्याकडे घरात खरवस झाला की भांडं झटकन फिरवून बघा. भांडं थांबतं, खरवस थांबत नाही. कवटी फुटली नाही तरी आतला मेंदू असा पिळवटतो आणि बारीक तंतू तुटतात.

हेल्मेट काही केर्न्सने शोधलं नव्हतं. ब्रुकलँड्स शर्यतपट्टीवरच्या डॉ. एरिक गार्डनरने कॅनव्हास आणि लाखेची टोपी बनवली होती, आणि आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत १९१४ पासून ती सक्तीची होती. म्हणजे लॉरेन्सच्या अपघाताच्या एकवीस वर्षं आधीपासून ही वस्तू होती. पण ती शर्यतवाल्यांची. टपाल टाकायला जाणाऱ्याची नव्हे. सर्वसामान्य स्वाराला ब्रिटनमध्ये कायद्याने ती घालावी लागली १९७३ मध्ये. आपल्या मोटार वाहन कायद्यात १९८८ पासून कलम १२९ आहे, आणि पुण्यात त्याचं पुढे काय होतं ते पुणेकर वाचकांना मी सांगायला नको. घाटात हेल्मेट ठीक आहे, पेठेत कशाला, हा आमचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद माझाही होता. १९८७ च्या गुढीपाडव्याला सकाळी मी चक्का आणायला निघालो. घरापासून दुकान पाच मिनिटांवर. वेग फार तर तीस किलोमीटर. वळणावर कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि वळवलीही, दोन्ही एकदम. एवढंच आठवतं. पुढचे चार दिवस माझ्याकडे नाहीत. लोक सांगतात, की पदपथाच्या कडेवर डोकं आपटलं, आणि चक्क्याची पिशवी हँडलला तशीच शाबूत होती. हाड मोडलं नाही, टाका पडला नाही, पाहुणे येऊन दैव बलवत्तर म्हणून गेले. घरी आल्यावर आठवड्याने आईने लोणी कढवलं. ती स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत. धाकटी बहीण म्हणाली, घरभर काय वास सुटला आहे. मला काही येत नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं. नाकाकडून मेंदूकडे जाणारे तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात. मेंदू हलला की ते कापले जातात. कुणाचे परत जुळतात, कुणाचे नाही. माझे जुळले नाहीत. कढत्या तुपाचा, नव्या वहीचा, आईच्या पदराचा, कुठलाच वास त्यानंतर आला नाही. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बायको आणि एक-दोघांखेरीज हे कुणाला फारसं सांगितलेलं नाही. गॅस बंद केला का, हे मी दिवसातून चारदा बघतो ते वयामुळे, असा मुलांचा समज आहे.

ओंकारला मी हा शेवटचा भाग सांगितला नाही. लॉरेन्स आणि केर्न्सपर्यंत येऊन थांबलो. तो बराच वेळ कप हातात धरून बसला होता. मग त्याने विचारलं, ती सातवी ब्रफ आता कुठे आहे? मी सांगितलं, आहे, दुरुस्त करून जपलेली, अधूनमधून संग्रहालयात मांडतात. तो उठला, आत गेला आणि दोन हेल्मेटं घेऊन आला. एक नवं कोरं, माझ्या मापाचं नसलेलं. पट्टा त्याने स्वतः माझ्या हनुवटीखाली ओढून बसवला, लहान मुलाला टोपी घालतात तसा. ताई सज्जातून बघत होती; मामाला समज द्यायला बोलावलं आणि मामाच निघाला, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

त्याने गाडी हळू चालवली. इतकी हळू, की मला वाटलं इंजिनाला कंटाळा येईल. वळणाआधी तो ब्रेक पूर्ण सोडत होता आणि मग कलत होता; पगार एका वेळी एकाच ठिकाणी. सिग्नलला थांबलो आणि पहिली सर आली. दिवसभर तापलेला रस्ता, बाजूला खणून ठेवलेली माती. ओंकारने हेल्मेटची काच वर केली, एक मोठा श्वास घेतला आणि मागे वळून विचारलं, मामा, वास आला का?

मी हो म्हटलं.